फ्रेडीने मला विचारलं होतं

माझ्या साडूने आरव्ही घेतली हे मला बायकोने सांगितलं. सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तसा सापडायचा नाही. व्हेरोनिका आधी बातमी सांगते आणि मग हिशेब. "नव्वद हजार दिरहॅम. म्हणजे जवळजवळ बावीस लाख झाले," ती म्हणाली. मी म्हणालो, एवढ्यात वसईत काहीतरी पक्कं घेता आलं असतं, चाकं लावलेलं घर कशाला. ती म्हणाली, तुझ्या पोटात दुखतंय.

दुखत होतंच. उगाच खोटं कशाला बोलू? फ्रेडी दुबईत आला तेव्हा रोल्लाच्या एका खोलीत आम्ही सात जण राहत होतो आणि तो माझ्या पलंगाखाली चटई टाकून झोपायचा. वडील लहानपणीच गेलेले, गावाकडून आणलेली एक बॅग, अंगावर माझाच जुना शर्ट. त्याला गाडी चालवायला मी शिकवलं. माझ्या मेव्हणीचं, पामेलाचं, स्थळ त्याला मी सुचवलं. आज तो एका हॉटेलात मॅनेजर आहे, मिर्डिफला व्हिलात राहतो, आणि मी एकोणीस वर्षं ऊद मेथाच्या शाळेची बस चालवतोय. इंटरनॅशनल सिटीत आमचा एका बेडरूमचा फ्लॅट. माझी मुलगी करेन हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. अठराव्या वर्षीही तिला दार लावून घेता येईल अशी जागा नाही.

आणि नेमकं तिथेच फ्रेडीने बोट ठेवलं. करेनला शारजाच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली होती. फ्रेडी-पामेलाला मूलबाळ नाही. त्यांनी सुचवलं की सप्टेंबरपासून करेनने त्यांच्याकडे राहावं. मिर्डिफहून शारजा जवळ, वरची खोली रिकामीच आहे, वीकेंडला घरी येईलच. व्हेरोनिकाने लगेच मान डोलावली. करेन म्हणाली, मी विचार करून सांगते. पण पामेलाने त्या खोलीच्या भिंतींसाठी रंगांचे फोटो पाठवले होते आणि करेन ते रोज रात्री बघायची, हे मला सोफ्याच्या बाजूने पाणी प्यायला जाताना दिसायचं. गाडी घे, व्हिला घे, काय हवं ते घे. पण माझ्या घरात एकच गोष्ट फ्रेडीपेक्षा जास्त होती, आणि तीही त्याला हवी होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्याने आम्हा सगळ्यांना अल कुद्राच्या तळ्यावर एक रात्र राहायला नेलं. करेन रविवारी आपला निर्णय सांगणार होती. मी आमच्या जुन्या गाडीतून मागे-मागे गेलो. करेन आणि व्हेरोनिका अर्थातच आरव्हीत बसल्या होत्या. तासभर मला समोर फक्त ती पांढरी पाठ दिसत होती आणि मागच्या काचेतून हात हलवणारी माझी मुलगी. मीही हात हलवत होतो, दुसरं काय करणार.

तळं वाळवंटात खणून केलेलं, पण बदकांना कुठे ते माहीत असतं. काठावर गाफची झाडं, लोकांचे तंबू, कोळशाचा धूर, पोरांच्या सायकली. आरव्ही आली तशी माणसं वळून बघायला लागली. दोन तंबू सोडून एक इराणी माणूस होता, फरदीन नावाचा, त्याच्याकडे मोठी लँड क्रूझर. तोसुद्धा उठून आला आणि आत डोकावून "माशाल्ला" म्हणाला. फ्रेडीने त्याला फ्रिज उघडून दाखवला. एवढासा फ्रिज, पण दाखवण्याची ऐट अशी की जणू ह्यानेच बर्फाचा शोध लावला.

झाडांजवळच्या घट्ट जागा भरल्या होत्या. एक लांब होती, आणि एक अगदी पाण्याला लागून. पामेलाला पाण्याजवळची हवी होती, सकाळी खिडकीतून बदकं दिसतील म्हणून. फ्रेडी इंजिन चालू ठेवून खाली आला. वीस वर्षांत त्याने नवीन जागी गाडी लावताना मला विचारलं नाही असं झालेलं नाही. हॉटेलच्या पार्किंगमधूनसुद्धा त्याने मला फोन केलेला आहे. लोक हसायचे, तो म्हणायचा, वाळूतलं दादाला कळतं.

आणि कळतं मला. शाळेच्या बसआधी पाच वर्षं मी साइटवर पाण्याचा टँकर चालवला. भरलेला टँकर वाळूत रुतला की दिवस गेला, म्हणून मला सवय लागली आहे: आधी खाली उतरायचं, टाच जमिनीत रोवायची, आणि खड्ड्याचा रंग बघायचा. मी टाच रोवली. वर पांढरी मिठाची खपली, कडक. तिच्याखाली काळपट, ओली, लोण्यासारखी वाळू. रिकामी कार कदाचित उभी राहिली असती. साडेतीन टनांची गाडी रात्रभर उभी राहणार नव्हती.

"दादा, इथे लावू ना?" फ्रेडीने विचारलं.

ऐकू जाईल इतकं जवळ कोणी नव्हतं. बायका सामान काढत होत्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. माझ्या 'हो'साठी थांबलेला, नेहमीसारखा. त्या क्षणी मला दिसलं की सकाळी ही पांढरी गाडी वाकडी झालेली असेल, फरदीन आणि बाकीचे लोक बघायला जमतील, आणि करेन बघेल की तिच्या अंकलला साधी गाडी लावता येत नाही.

"लाव," मी म्हणालो. "इन्शाल्ला काही होत नाही."

त्याने लावली. संध्याकाळ चांगली गेली, हे सांगायला मला आवडत नाही. व्हेरोनिकाने घरून पीठ भिजवून आणलं होतं, आरव्हीच्या स्टोव्हवर तिने फुगे, आमचे ते गोड गोल वडे, तळले. फ्रेडीने कोळशावर चिकन केलं. तो करेनला तिच्या कोर्सबद्दल असे प्रश्न विचारत होता जे मला सुचलेही नसते. कुठले विषय, कोण शिकवतं, इंटर्नशिप कुठे. करेन भराभर इंग्रजीत उत्तरं देत होती आणि मी कोळसे खालीवर करत होतो. घरी मी तिला विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, येस पापा. खलास. मग रोजरीची प्रार्थना म्हटली आणि झोपायची वाटणी झाली: बायका आत, आम्ही दोघं बाहेर तंबूत. फ्रेडी पडल्या पडल्या घोरायला लागला. मला झोप आली नाही, पण ती चांगल्या कारणाने आली नाही असं म्हणता येणार नाही. मी सकाळची वाट बघत होतो.

सकाळी भांडी पडल्याचा आवाज आला. आरव्ही पाण्याच्या बाजूला झुकली होती, त्या बाजूची दोन्ही चाकं अर्धी गाडली गेली होती. पामेला दाराला धरून खाली उतरत होती, मागून व्हेरोनिका, अनवाणी. करेन शेवटी आली, कपाळावर कपाटाचं दार लागून थोडं लाल झालेलं. लोक जमले, अगदी मी ठरवल्याप्रमाणे. कोणीतरी मोबाइल काढला. फ्रेडी नुसता उभा होता.

व्हेरोनिकाने कमरेवर हात ठेवले आणि धाकट्या भावाला बोलावं तसं त्याला बोलली. "अरे, घरात टँकर चालवलेला माणूस आहे. लावण्याआधी स्टॅनलीला विचारता नाही आलं तुला?"

फ्रेडीने माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "नाही विचारलं. घाईत राहून गेलं. माझीच चूक."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण विचार करायला वेळ नव्हता, सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी कामाला लागलो. टायरमधली हवा निम्म्याहून कमी केली. चाकांपुढची ओली वाळू फावड्याने ओढून काढली, खाली कोरडी वाळू, तिच्यावर तंबूची सतरंजी आणि आरव्हीतली पायपुसणी घातली. फरदीनची लँड क्रूझर झाडांच्या बाजूच्या घट्ट जमिनीवर उभी करून दोर बांधला. त्याला सांगितलं, झटका द्यायचा नाही, आहिस्ता, मी हात दाखवीन तेव्हा. मग मी स्टिअरिंगवर बसलो. पहिल्यांदा नाही आली, दुसऱ्यांदा नाही आली. आणखी वाळू काढली. दोन तास गेले. तिसऱ्यांदा मी "यल्ला" म्हटलं आणि गाडी कण्हत कण्हत वर आली, झाडांपर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरदीन मला "उस्ताद" म्हणाला.

करेन धावत आली आणि चिखलाने भरलेल्या माझ्या शर्टाला तिने मिठी मारली. शेवटची मिठी तिने मला कधी मारली होती ते मला आठवेना.

"पापा, यू वेअर अमेझिंग," ती म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत, अडखळत का होईना, मराठीत: "मी घरीच राहणार. मिर्डिफला नाही जाणार. बसने अप-डाउन करीन."

पामेला आत जाऊन फुटलेले कप गोळा करायला लागली. फ्रेडी म्हणाला, "गुड गर्ल. बापाचं घर ते बापाचं घर." आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप घेऊन गाडीच्या मागे गेला.

मी जिंकलो होतो. जे हवं होतं ते सगळं, एका सकाळीत. लोकांसमोर तो लहान झाला, मी मोठा झालो आणि मुलगी घरी राहिली. मी चहा प्यायलो, दोन फुगे खाल्ले, शिळे पण गोड लागले. तरी काहीतरी टोचत होतं. शेवटी मी उठून गाडीच्या मागे गेलो. तो उकिडवा बसून हवा भरत होता.

"खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "पोरीसमोर सांगू, तिचा बाप काय म्हणाला ते? तिला एकच बाप आहे, दादा." पंप थोडा वेळ चालला. मग तो म्हणाला, "मलाही इथे दुसरं कोण होतं."

शहाण्या माणसाला ह्यावर लाज वाटली असती. मलाही वाटली, पण ती मागून. आधी मला राग आला. ह्याच्याकडे व्हिला, ह्याच्याकडे गाडी, ह्याच्याकडे हॉटेलातला सूट, आणि आता हे मोठं मनही ह्याच्याचकडे. ज्या मुलीसाठी ह्याने खोली रंगवायला काढली ती माझ्या एका खोटेपणापायी ह्याच्या हातून गेली, आणि हा तोंडातून शब्द काढायला तयार नाही. आता आयुष्यभर मी त्याच्या उपकाराखाली घरात बसायचं आणि करेनने मला अमेझिंग म्हणायचं. ते मला सहन होईना. निदान खरं बोलण्यात तरी मला कोणी मागे टाकू शकत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

मी तरातरा परत आलो. तिघी आरव्हीच्या सावलीत चटईवर बसल्या होत्या. करेन माझा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवत होती.

"फ्रेडीने मला विचारलं होतं," मी म्हणालो. "मी जमीन बघितली होती. रुतणार हे मला माहीत होतं. मी त्याला लाव म्हणालो."

व्हेरोनिकाने आधी मला वेड्यात काढलं, मग माझा चेहरा नीट बघितला. फ्रेडी मागून आला होता. तो घाईघाईने म्हणाला, दादा उगाच अंगावर घेतोय. मी त्याला म्हणालो, तू मध्ये बोलू नकोस. माझी छाती फुगली होती, खरं सांगतो. मला वाटत होतं, आता बघा म्हणावं, कबूल करायलाही छाती लागते. मी करेनकडे बघत होतो. ती रागावेल, रडेल, कदाचित विचारेल का केलंस, आणि मग मी सांगीन, तुझ्यासाठी केलं, तू जाऊ नयेस म्हणून केलं. उत्तर तयार होतं माझ्याकडे.

तिने का म्हणून विचारलं नाही. मोबाइल खाली ठेवला. कपाळावरच्या लाल जागेला हात लावला आणि त्या गाडीकडे बघितलं, जिच्या खिडकीजवळच्या पलंगावर ती झोपली होती, पाण्याच्या बाजूच्या.

"बट पापा," ती हळूच म्हणाली, "आय वॉज इनसाइड."

रात्रभर मी तंबूत जागा होतो. गाडी किती झुकेल, कोण कोण हसेल, फ्रेडी कसा दिसेल, ह्या सगळ्याचा मी विचार केला होता. करेन आत झोपली आहे हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.