काचेमागची तेलाची डबी

मित्रांनो, मला बघायला येता तेव्हा काचेला नाक लावू नका. लावलंत तरी दिसणार काय? अंगठ्याएवढी, फिरकीच्या झाकणाची एक जुनी पितळी डबी. तीच मी. शेजारी पाटी आहे, 'धर्मप्रांताचा अमूल्य ठेवा'. ती वाचून मला हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नाही.

माझा जन्म तांबटाच्या दुकानातला. तो हंडे घडवणारा माणूस. मला घडवताना वैतागून म्हणाला, "फादर, एवढ्याशा डबीत काय मुंगीला आंघोळ घालणार आहात?" ते फादर म्हणजे सायकलवरून गावोगाव फिरणारे आमचे सायकल फादर. धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा सगळा मुलूख, तेव्हा नवाकोरा होता. बिशपांना धड घर नव्हतं, शाळेच्या एका खोलीत राहायचे. वर्षातून एकदा ते तेलाच्या मोठ्या भांड्यांना आशीर्वाद देत आणि ठिकठिकाणचे फादर आपापल्या डब्या भरून नेत. माझ्या वाट्याला आलं आजाऱ्यांचं तेल. माणूस फार आजारी झाला, जायला टेकला, की फादर प्रार्थना म्हणत ते त्याच्या कपाळाला आणि हातांना लावतात. देव तुला विसरलेला नाही, एवढंच ते तेल सांगतं. पण ते ऐकण्यासाठी माणसं डोळ्यांत प्राण आणून वाट बघतात हो!

सायकल फादर माझ्यात तेलात भिजवलेला कापूस ठेवत आणि मला कायम खिशात बाळगत. कोणी बोलवायला आलं की ताटावरून उठत. त्यांचा घामट खिसा मला आजच्या मखमलीपेक्षा बरा वाटायचा.

एकदा एक गवंडी परांचीवरून पडला. फादर धावत गेले, माझं झाकण उघडलं, तर कापूस कोरडा ठणठणीत! त्या आठवड्यात आजारीच फार झाले होते. गवंड्याच्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. फादर मात्र शांतपणे म्हणाले, "वहिनी, स्वयंपाकघरातलं तेल आणा वाटीत."

"अहो फादर, ते तळणाचं तेल आहे!"

"देवाला चालतं. अडचणीच्या वेळी आम्हाला आशीर्वाद द्यायची परवानगी आहे. आणा लवकर."

वाटी धरून उभी होती गवंड्याची चिमुरडी मुलगी. फादरांनी तेलाला आशीर्वाद दिला, गवंड्याच्या कपाळाला लावलं. तो वाचला नाही, पण शांतपणे गेला. मुलगी वाटीकडे टक लावून बघत होती.

पुढे तीच मुलगी चर्चमध्ये कामाला लागली. वेदीवरची वस्त्रं धुवायची, त्यांना कडक इस्त्री करायची. सगळे तिला इस्त्रीवाल्या मावशी म्हणत. मावशींचे केस पिकले, तरी वेदीच्या कापडावर सुरकुती म्हणून दिसली नाही.

सायकल फादर गेले आणि माझे दिवस फिरले. एका खणात मेणबत्त्यांच्या तुकड्यांबरोबर मी पडून राहिले. धर्मप्रांत मात्र बाळसं धरत होता. बिशपांचं मोठं घर झालं, कचेऱ्या झाल्या, दारात गाड्या आल्या. माणसांच्या दारात जाणारी पावलं तेवढी कमी झाली. हे मी बोलते म्हणून कोणाला राग आला तर येऊ दे!

मग धर्मप्रांताचा मोठा वर्धापनदिन आला. इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मंडळींना माझी आठवण झाली. जुनं तेल जाळून टाकायचा नियम आहे, म्हणून माझा कापूस जाळला. मला घासूनपुसून लखलखीत केलं. नवं तेल घालायचं कोणाच्या मनातही आलं नाही. शोभेच्या वस्तूला तेल कशाला?

नेमकं त्याच दिवशी, भाषणं रंगात आली असताना, मावशींची लेक घामाघूम होऊन आली. "फादर, आईचं काही खरं नाही. शेवटचं तेल मागतेय कधीची. चला ना!" तरुण फादर भला माणूस होता, लगेच उठला. त्याची स्वतःची डबी दूर त्याच्या चर्चमध्ये राहिली होती. त्याने मला उचललं आणि धावला. तेलाची डबी म्हटल्यावर तिच्यात तेल असणारच, असं त्याला वाटलं.

मावशी खाटेवर होत्या. मला बघून त्यांनी ओळखलं, त्यांचा चेहरा उजळला. फादरने झाकण फिरवलं. आत पॉलिशचा वास, बाकी काही नाही.

"देवा रे! तेल नाही. थांबा, मी आत्ता घेऊन येतो," म्हणत तो बाहेर पळाला. मला उशाशी ठेवून गेला.

एव्हाना मावशींची वाचा गेली होती. त्यांनी हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे दाखवलं. लेक पाणी घेऊन आली. मावशींनी मान फिरवली आणि पुन्हा तिकडेच हात केला. अगं बाई, पाणी नको तिला! ती तेलाची बरणी आण, फादरला हाक मार, तो जिन्यातच असेल! मी ओरडत होते, मित्रांनो. पण पितळेला कुठला आवाज?

फादर तेल घेऊन आला तेव्हा मावशी गेल्या होत्या. लेकीने डोळे पुसत विचारलं, "घरातलं तेल चाललं नसतं का हो?"

तो खाली बसला. "चाललं असतं, ताई. मला शिकवलंय ते. सुचलंच नाही."

"आई स्वयंपाकघराकडे हात करत होती," लेक म्हणाली. "मी तिला पाणी देत बसले."

दुसऱ्या दिवशी मला परत काचेमागे ठेवलं. पाटी तीच, मखमल तीच. बोटांचे ठसे उमटले होते म्हणून मला पुन्हा पॉलिश केलं.

मित्रांनो, आजीआजोबांच्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगते, वस्तू कशासाठी होती ते आधी जपा. मला इतकं चमकवू नका. माझं झाकण उघडा, थोडा कापूस घाला, त्यावर तेल घाला आणि मला कोणाच्या तरी खिशात टाका. ते जमणार नसेल, तर ती पाटी तरी काढा. मावशींची लेक इस्त्रीची कापडं घेऊन रोज इथून जाते, आणि तिला वाचता येतं.