गाजलेला धवला

लवंग दाढेखाली धरून बायजाबाई पाटावर टेकते न टेकते, तोच नवरदेवाच्या आईने, नमिताने, तिच्या नाकासमोर मोबाईल धरला.

“मावशी, हेच गायचं. जसंच्या तसं. सध्या हे ट्रेंडिंगला आहे.”

मोबाईलमध्ये बायजाबाईच होती. गेल्या वर्षी एका हळदीत धवला, लग्नातलं जुनं गाणं, गाताना कुणीतरी तिला टिपलं, आणि तेव्हापासून तिच्यामागे नवनव्या शब्दांचा ससेमिरा लागला. कुणी म्हणे व्हायरल, कुणी म्हणे हिट, कुणी म्हणे क्रेझ. सगळ्यांचा अर्थ एकच. आज पावणे गाव, उद्या उलवे, परवा मोरा, आणि जिथे जावं तिथे तेच एक कडवं. चावून चावून त्याचा चोथा झाला होता, तरी लोकांना ते गोडच लागत होतं. बायजाबाईचा घसा बसला होता आणि मन तर केव्हाच विटलं होतं.

“पन ह्यान नाव विमलचा हाय,” ती म्हणाली. “ती त्या गेल्या सालचे हलदीचे घरची. तुमचे घरची पुतला.”

धवल्यात घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने हाक मारून लग्नाला बोलावतात. हाक मारली नाही तर ती येत नाहीत, असं गावातली जुनी माणसं मानतात. नवरदेव केतनची आजी, पुतळा, याच चैत्रात गेली. नातवाची हळद बघायची राहिली म्हणून शेवटपर्यंत हळहळत होती. तिचा नवरा गोटीराम सकाळपासून इस्त्रीची टोपी घालून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. जेवायलाही उठला नव्हता. बायको कधी येईल याचा काय नेम?

“नाव बदललं की मुलांचं चुकतं मावशी,” नमिता म्हणाली. “सगळ्यांना तेच पाठ आहे, त्यावर ओठ हलवणार आहेत. आमच्या आईंचं मागून घेऊ ना, सावकाश.”

नमिता वाईट बाई नव्हती. सासूचं आजारपण तिनेच एकटीने काढलं होतं. फक्त केतनची हळद चार जणांसारखी व्हावी, असं तिला वाटत होतं. आणि बायजाबाईच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

ती गायली. ‘ये गो विमल, ये गो बाय, नातू बसलाय हलदीला.’ पोरांनी ओठ हलवले, पोरींनी गिरक्या घेतल्या. व्हिडिओत उजेड कमी पडला म्हणून सगळं पुन्हा एकदा झालं. मग टाळ्या पडल्या आणि डीजे सुरू झाला. तिला मोरा गावच्या हळदीला न्यायला आलेली गाडी बाहेर हॉर्न देत होती. बायजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, तर समोर गोटीराम उभा.

“बायजे, झाला?”

“झाला.”

“पुतलाचा नाव नाय आयकला मी. कान गेले का माजे?”

त्याचे कान चांगले शाबूत होते. बायजाबाईला तोंड कुठे लपवावं कळेना. इतक्या मांडवांत ती परक्या म्हातारीला हाका मारत आली, पण असं कुणी विचारलं नव्हतं. ती पुन्हा पाटावर बसली.

“तो डीजे बंद कर,” तिने नमिताला सांगितलं.

नमिताने म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. ती गेली आणि डीजे बंद करून आली.

बायजाबाईचा आवाज फाटका निघाला, सूरही लागेना. तरी तिने पुतळाला हाक मारली. गोटीरामने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मांडवाच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. नमिताचे डोळे भरून आले. तिने एका हाताने ते पुसले आणि दुसऱ्या हाताने, सवयीने, मोबाईल उचलला.

बायजाबाई गाता गाता थांबली.

“नको गो,” ती म्हणाली. “ती विमल बघ, मेली तरी रोज कोनाचे ना कोनाचे मांडवान फिरते. पुतलाला येकाच घरी येऊं दे.”

नमिताने मोबाईल खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.