झोपल्यावर दुखत नाही

मुलांनो, समजा तुमच्या हातात बागेला पाणी घालायचा पाइप आहे. पाणी छान चाललंय. तेवढ्यात मागून कुणीतरी पाइपवर पाय देतं. इकडे धार बारीक होते, तिकडे पाइप फुगतो. आलं डोळ्यांसमोर? आता ऐका.

एक मुलगी होती. अंगाने इतकी बारीक की घरी तिला काडीच म्हणत. शाळेच्या रांगेत उभी राहिली की तिची डावी कूस ठणकायची. कधीकधी लघवी लाल व्हायची. आडवी झाली की बरं वाटायचं. खेळाच्या सरांनी तिचं नाव ‘नाटकी’ ठेवलं आणि ते वर्गभर झालं. दोनदा सोनोग्राफी झाली. खडा नाही, जंतू नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तर बाबांना हळूच सुचवलं, की पोर शाळा बुडवायला बहाणे करत असेल.

तिसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या मशीनपाशी बसलेल्या डॉक्टरबाईंनी काडीला पलंगावर झोपायला सांगितलं. काडी पलंगाची कड धरून उभीच राहिली.

“झोपल्यावर मला दुखतच नाही. मग तुम्हाला काय दिसणार?”

बाई म्हणाल्या, पद्धत हीच आहे, बाहेर माणसं खोळंबलीत. पोरीला समजवा, असं त्यांनी बाबांना खुणावलं. बाबा प्लंबर. त्यांनी डोकं खाजवलं.

“बाई, पाणी बंद करून मी गळती शोधायला लागलो, तर लोक मला दारात उभं करणार नाहीत.”

बाईंना हसू आलं. त्यांनी काडीला उभं ठेवूनच पोटावर गार जेल लावलं. डाव्या कुशीवरून त्यांनी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. मग त्यांनी पडदा काडीकडे वळवला. डाव्या मूत्रपिंडातून रक्त परत नेणारी शीर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून जाते. काडी उभी राहिली की तिची शीर तिथे चिमटत होती आणि मागे फुगत होती. दुखणं दुर्मीळ आहे, पण वजन वाढलं की अनेक मुलांना आराम पडतो, असं बाई म्हणाल्या. तोवर लक्ष ठेवायचं.

“म्हणजे मी नाटक करत नव्हते.”

“नव्हतीस. आणि झोपली असतीस, तर मीही ‘काही नाही’ असंच लिहिलं असतं.”

दुसऱ्या दिवशी काडीने तो रिपोर्ट सरांच्या टेबलावर उघडून ठेवला. सर म्हणाले, ठेव, नंतर बघतो. कूस ठणकायला लागली होती. सरांनी चष्मा चढवून शेवटची ओळ वाचेपर्यंत काडी तिथेच उभी राहिली.