रिकाम्या दोन थापा

कमलाबाईंनी वही मांडीवर उघडी ठेवली आणि पिठाच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला. ओळीला आठ थापा. पहिली ओळ नीट बसली, दुसरीही. तिसरी, ‘बापानं फोडला दगड’, सहाव्या थापेलाच संपली.

गाणं त्यांच्या नवऱ्याचं, धर्मपालचं; चाळीस वर्षांपूर्वी गुढियारी वस्तीच्या गायन पार्टीसाठी लिहिलेलं. वर रिवाजाप्रमाणे चालीचं नाव होतं, ‘चाल: खदानीची’. चाल मात्र आता कोणालाच येत नव्हती. पार्टीत पुढे बसून गाणारी माणसं एकेक करून गेली. उद्या विहारात धर्मपालच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. पुतण्या बुद्धभूषणनं सांगून टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत चाल सापडली नाही तर हेच शब्द सिनेमाच्या चालीवर म्हणू.

“मेलेल्या माणसाले उसने कपडे घालता काय रे?” कमलाबाईंनी त्याला विचारलं होतं.

चिनी भाषा शिकणारी नात साक्षी चटईवर अभ्यास करत होती. ठेक्यानं तिचं लक्ष उडालं. तिनं वही ओढून पाहिली.

“आजी, हे तर सेम आहे! हजार-बाराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये असंच लिहीत. चाल आधीची, तिचं नाव वर, खाली कवीचे नवे शब्द. पुढे चाली बुडाल्या. तरी लोक त्याच मापात लिहीत राहिले.”

“चालीबिगर?”

“हव.”

“मंग ही ओळ तोकडी काहून?”

“तिकडे पण आधी ओळी बराबर होत्या म्हणे. मधल्या जागेत गाणारे नुसतं हे-हो करत, ते कोणी लिहीतच नव्हतं. मग विसरून जाऊ या भीतीनं तिथं खरे शब्द भरले, अन् ओळी लहान-मोठ्या झाल्या. पक्कं नाही, पण काही जण असं मानतात.”

कमलाबाईंची बोटं थांबली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्या ओळीच्या सहा थापा झाल्या आणि सातवीला त्यांचा गळा आपोआप उघडला, ‘हां गं बाई’. पार्टीत कमलाबाई मागच्या बायांत बसत; ओळ झेलून धरणारा त्यांचा हा झेला, वर चढून खाली उतरणारा. तो उतरला तो थेट चौथ्या ओळीत, चालीसकट.

साक्षीनं गुपचूप मोबाईल चालू केला.

संध्याकाळी बुद्धभूषण दारातूनच म्हणाला, “काकू, भेटली काय चाल?”

“भेटली. बस.”

कमलाबाई वहीत पेन चालवत होत्या. तो वाकून पाहू लागला. तिसऱ्या ओळीपुढे नवा शब्द होता, ‘आम्हीबी’.

“काकाच्या गाण्यात काहून लिहून राहिली?”

कमलाबाईंनी शब्द पुन्हा एकदा गिरवला.

“त्याइच्या नाही,” त्या म्हणाल्या. “माह्या जागेत.”