उजव्या दाराचं सील

"दाराला टेकू नका मॅडम, सोल्यूशन ओलं आहे," दशरथ म्हणाला.

क्षमाताईंनी हात मागे घेतला आणि त्या विमानाशेजारी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. डोक्याला रुमाल, आणि जुहूच्या त्या तापलेल्या हँगरमध्येही अंगावर शाल. केमो बंद करून महिना झाला होता. आता औषध फक्त दुखू नये म्हणून.

विमान चार सीटचं, एका इंजिनाचं. त्यांच्या नवऱ्याचं, विद्याधरांचं. दोन्ही दारांभोवतीची रबराची पट्टी वाळून कडक झाली होती, बोट लावलं की चुरा पडायचा. दशरथने सकाळपासून ती खरवडून काढली होती, चौकट पुसून लख्ख केली होती. आता उजव्या दाराला तो नवीन पट्टी अंगठ्याने दाबत दाबत बसवत होता.

"आज होईल?" क्षमाताईंनी विचारलं.

"बसवून होईल. पण धरायला उद्या दुपार."

"आणखी लांबवता नाही येणार?"

दशरथचा अंगठा थांबला. "लोक मला लवकर करा म्हणतात, मॅडम."

"हो ना. मी उलटंच म्हणतेय." त्यांनी हँगरच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर उन्हात विद्याधर फोनवर उद्याच्या उड्डाणाची परवानगी पक्की करत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला विमानाची भीती वाटते, दशरथ. पहिल्या दिवसापासून. चाकं जमिनीवरून सुटली की खाली उतरेपर्यंत मी मिनिटं मोजत असते. ह्याला माहीत नाही."

"पण तुम्ही तर नेहमी यायच्या."

"यायचे. पहिल्यांदा उतरलो तेव्हा हा इतका खूश होता, की मी म्हटलं, काय सुंदर दिसतं रे वरून! मग तेच सांभाळत बसले. अलीकडे म्हणायला लागले, दारातून वारा येतो, कान दुखतो. ते चालून गेलं. आता हा म्हणतो, शेवटचं एकदा तुला गोराई-मनोरीवरून फिरवून आणतो, दाराचं सगळं नवीन करून घेतो." त्या हसल्या, आणि हसताना खोकला लागला. "माझं कारणच काढून टाकताय तुम्ही."

"साहेबांना सांगा ना. रागवायचे नाहीत ते."

"रागावणार नाही. पण मागची सगळी वर्षं उकरत बसेल. प्रत्येक फोटो काढून बघेल, ही तेव्हा खरंच हसत होती का म्हणून. मी गेल्यावर त्याच्याजवळ तेवढंच तर राहणार."

दशरथने पट्टीचा पुढचा भाग दाबायला घेतला. तेवढ्यात विद्याधर आत आले. "झालं! उद्या चारला निघू. एक झुळूकसुद्धा आत येणार नाही आता, बघच तू."

"अरे वा," क्षमाताई म्हणाल्या आणि प्रसन्न हसल्या. हेच हसू दशरथने कितीतरी वेळा विमानाच्या काचेआड पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पट्टी तपासली. नख घालून ओढली, दार लावून पाहिलं. सगळीकडे पक्की धरली होती. काम झाकायचं नाही आणि चांगल्याला वाईट म्हणायचं नाही, हे त्याने उभी हयात पाळलं होतं. दशरथ 'जा' म्हणाला की पायलट दुसरा प्रश्न विचारत नसत. गिरणीत खपलेल्या बापाने त्याला काही दिलं नव्हतं, आणि त्याने स्वतः मिळवलेलं म्हणजे हा भरवसाच होता.

चारला गाडी आली. विद्याधरांनी क्षमाताईंना व्हीलचेअरवर घेतलं. रात्रीतून त्यांचा चेहरा आणखी उतरला होता. विमान जवळ आलं तशी त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळली गेली. त्यांनी दशरथकडे पाहिलं नाही. काल मागितलं ते त्या आज पुन्हा मागणार नव्हत्या.

"चला?" विद्याधर म्हणाले.

"आज नको, साहेब." आपलाच आवाज दशरथला परका वाटला. "खालच्या कोपऱ्यात धरलेलं नाही. वर गेल्यावर पट्टी सुटून कडीत अडकली तर दार उघडायचं. परत करावं लागेल."

विद्याधर वाकले, त्यांनी कोपरा दाबून पाहिला. "मला तर पक्कं वाटतंय."

"वाटतं तसं. पण मी सही नाही करणार."

विद्याधरांनी दुसऱ्यांदा कोपरा दाबला. मग क्षमाताई म्हणाल्या, "राहू दे रे. दशरथ नको म्हणतायत तर नको. चल, चौपाटीवर जाऊन बसू. किती दिवसांत बसलो नाही."

गाडी गेल्यावर दशरथने तो कोपरा खरवडून काढला. चांगली चिकटलेली पट्टी सहजी सुटेना.

क्षमाताईंना दोन दिवसांनी दवाखान्यात हलवलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

विक्रोळीला घरी चहा पिताना दशरथने बायकोला, शेवंतीला, सगळं सांगितलं. ती कप हातात धरून ऐकत राहिली.

"खोटा बोललात तुमी?"

"बोललो."

"आता साहेबांका सांगूचा नाय," ती म्हणाली. "बायलमाणसान येकच गोष्ट मागितल्यान, ती तुमी दिलात. आता गप ऱ्हवा. जड जातला, पण गप ऱ्हवा."

तेरावं झाल्यावर विद्याधर हँगरमध्ये आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण उघडं.

"झाला तो कोपरा?"

"झाला साहेब."

"एका कोपऱ्यासाठी राहिलं, दशरथ. शेवटची इच्छा होती हो तिची. केवढी हौस तिला! कान दुखायचा तेवढं सोडलं, तर कधी येत नाही म्हणाली नाही." त्यांचा आवाज चढला. "आदल्या दिवशीच नीट नसतं करता आलं? एवढी वर्षं काम करता, आणि एक रबर धड चिकटवता येत नाही तुम्हाला?"

पलीकडे हेलिकॉप्टरवर काम करणारे दोघे वळून पाहू लागले.

"चुकलं साहेब," दशरथ म्हणाला.

विद्याधरांनी शर्टाचं उघडं बटण लावलं. "यापुढे माझं काम दुसऱ्याला सांगेन मी. राग नाही. तुम्हाला बघितलं की तो दिवस डोळ्यांसमोर येतो, म्हणून."

"बरं साहेब."

त्यांना एकट्यालाच जायचं होतं, थोडं समुद्रावरून. दशरथने विमान बाहेर काढून दिलं. विद्याधर डावीकडे बसले. उजवं दार नव्या रबरामुळे घट्ट झालं होतं, नुसतं लोटून बसेना. दशरथने बाहेरून दोन्ही तळवे टेकवून जोर दिला, तेव्हा कडी पडली. मग पंखाखालून मागे सरून त्याने अंगठा वर केला.

विद्याधर रिकाम्या सीटवरून वाकले आणि त्यांनी ते दार आतून स्वतः एकदा, मग पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. आजवर त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

त्यांची नजर वर येईपर्यंत दशरथ अंगठा धरून उभा राहिला.