शंभर गुणांची ढाल

“झाकण उघडलं की यंत्र बंद पडायला हवं, मार्लिस. आमच्याकडे त्याची कळ तारेनं बांधून ठेवलीय. झाकण उघडं, तरी आतलं फिरतंच. कुणाचा तरी हात जाणार त्यात.”

हे शब्द मी मार्लिसच्या कचेरीच्या भिंतीवरून ऐकले होते. जिला ते सांगितले तिने कानाआड केले, आणि मीही केले. मित्रांनो, तेव्हा मी गुळगुळीत, चकचकीत होते. आज गॅरेजात रंगाच्या डब्यांखाली पडलेली, एक कोपरा फुटलेली अक्रोडाची ढाल आहे.

माझा जन्मच घावांतून झाला. करवतीने माझा बुंधा फाडला, रंध्याने मला सोललं आणि छातीवर पितळेची पट्टी ठोकली: ‘आमदार मार्लिस टेनहॉफ, उद्योगांची खरी मैत्रीण.’

आमच्या राज्यातला कारखानदारांचा संघ दरवर्षी आमदारांना गुण देई. संघाला हवं तसं मत दिलं की गुण मिळे. विरुद्ध दिलं की जाई. सभागृहाबाहेर जाऊन बसलं तरी जाईच. नव्वदच्या वर गेलेल्यांना वसंतात नाश्त्याला बोलावत. अंडी, बेकन, भाषणं, आणि मग माझ्यावर नवी पट्टी चार खिळ्यांनी ठोकत. ब्याण्णव. शहाण्णव. शंभर. खिळा आत शिरताना मी चिरली जाई, पण टाळ्या सुरू झाल्या की दुखणं विसरे. मार्लिस मला बाहीने पुसायची. इतकी माया मला पुन्हा मिळाली नाही.

तो इशारा देणारी होती जोलीन, मार्लिसची थोरली बहीण. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात खिमा दळायच्या यंत्रावर ती उभी असे. त्या वर्षी एक विधेयक आलं होतं: अशी कळ बांधलेली सापडली, तर निरीक्षकाने यंत्र त्याच दिवशी बंद करावं.

“तुझं एक मत दे,” जोलीन म्हणाली. “लहानपणी तुझी धुणीभांडी मी केली, ते समज फिटलं.”

“तू प्रत्येक गोष्ट फुगवून सांगतेस गं,” मार्लिस हसली. “तुमच्या कँटीनची कॉफीसुद्धा तुला विष वाटते.”

“ती आहेच विष. चाखून बघ कधीतरी.”

मतदानाच्या सकाळी संघाचे प्रूइट आले. हसतमुख माणूस. त्यांनी टेबलावर विधेयकाचा क्रमांक लिहिलेलं एक पिवळं कार्ड ठेवलं.

“मार्लिसबाई, हे मत आम्ही दुप्पट धरणार आहोत. विरोधात पडलं पाहिजे.”

“आणि नाही पडलं तर?”

“तर काय, नाश्त्याला बोलवूच की. फक्त तुमच्या शेजारच्या खुर्चीत पुढच्या निवडणुकीतला तुमचा प्रतिस्पर्धी बसलेला असेल.”

ते गेल्यावर मार्लिसने मला बाहीने पुसलं. मग स्वतःशीच पुटपुटली, “तसंही मंजूर होणारच आहे. माझ्या एका मतानं काय अडतंय?” तिने विरोधाचं बटण दाबलं. गंमत अशी, की गुण राखणाऱ्या आणखी सातआठ जणांनी मनाशी हेच म्हटलं होतं. विधेयक एका मताने पडलं. माझ्यावर शंभराची दुसरी पट्टी बसली.

पुढचं लहानांना सांगू नये म्हणतात. पण यंत्रं लहानमोठं पाहत नाहीत, म्हणून सांगते.

त्या नाश्त्यानंतर सहा आठवड्यांनी जोलीन कचेरीत आली. डाव्या कोपराखाली बाही रिकामी होती. मार्लिस रडत उठली, तिला मिठी मारायला गेली.

“बस खाली,” जोलीन म्हणाली. “हाड अडकलं होतं. काढायला गेले आणि हातमोजा ओढला गेला. आधी बोटं, मग मनगट. आवाज माहितीय कसा येतो? ओल्या फांद्या मोडल्यासारखा. मला वाटलं फांद्याच आहेत. मग खालच्या ट्रेमध्ये माझी अंगठी पडली.”

“जोलीन, पुरे गं. माझं चुकलं.”

“पुरे कसं? त्या जागेवर दुसऱ्याच दिवशी नवी पोरगी उभी केली. आयलीन. बावीस वर्षांची, लांब वेणीवाली. घरी चार महिन्यांचं बाळ. ट्रे धुतला, तार तशीच ठेवली.”

आणि तिने मला भिंतीवरून उपटलं. खिळा प्लास्टर घेऊनच निघाला. एका हाताने तिने मला टेबलावर आपटलं. टेबलाची काच फुटली, माझा कोपरा उडाला. मार्लिस अडवायला पुढे झाली आणि दुसरा घाव तिच्या कपाळावर बसला. हाडावर आदळताना मी थरथरले. भुवई फाटली. रक्त माझ्या पट्ट्यांवरून ओघळून लाकडाच्या रेषांत मुरलं. ज्या माणसाची मी शोभा होते, त्यालाच मी फोडलं.

पोलिसांना मार्लिस म्हणाली, “मी पडले.”

पुढच्या वर्षी तिने तेच विधेयक स्वतः मांडलं. गुण मिळाले एकेचाळीस. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच प्रूइटांच्या माणसाने तिला हरवलं, आणि विधेयक समितीतच मेलं. त्यानंतर ती दोनदा कारखान्याच्या फाटकाशी गेली. हे सगळं ती इथे गॅरेजात जोलीनला सांगत होती, पकडीने माझे खिळे उपटता उपटता.

“पहारेकरी म्हणाला, आता तुम्ही कोण?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? आयलीनचं नाव घेतलं. तो म्हणाला, आत दोन आयलीन आहेत, कुठली ते सांगा. मला तिचं आडनावही माहीत नव्हतं.”

जोलीनने डबा पुढे धरला. खिळे एकेक करून डब्यात पडत राहिले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसा, असं मी मागणार नाही. मला जाळलंत तरी चालेल. पण मला पाय नाहीत, आणि ह्या दोघींना कुणी आत सोडत नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर दुपारची पाळी सुटताना फाटकाशी थांबा. वेणी घातलेली, घाईने बाळाकडे निघालेली एक पोरगी बाहेर येईल. तिला हाक मारा. तिचे दोन्ही हात बघा.