तिसऱ्या पंपाची गुरगुर

"गुरगुर? अहो बाई, तो पंप आहे की कुत्रं?" साहेब हसले. "मीटर बघा. दाब बरोबर, वीज बरोबर. आणखी काय पाहिजे?"

तिसऱ्या पंपाची गुरगुर ऐकली होती नव्या ऑपरेटरने. दोन मुलांची आई. या पंपघरात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर काही शाळेतले नव्हेत. एकतीस वर्षं पंपच चालवलेले. पण नव्या माणसाला पहिलीतल्या मुलासारखं हळूहळू शिकवायचे, म्हणून ते नाव पडलं. त्यांच्या शाळेत अक्षरओळख आवाजांची. "घरघर म्हणजे श्वास अडला. पाणी कमी येतंय, जाळी बघायची. पोटात गोटे फिरल्यासारखी खडखड आली की आत हवा शिरली. आणि गुरगुर म्हणजे बेअरिंग. गुरगुरणाऱ्याने अजून चावा घेतलेला नसतो, तेवढ्यात हात काढून घ्यायचा."

"आणि आमचे हे रात्रभर घरघरतात ते?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ते यंत्र आपल्या खात्यात येत नाही, बाई." ती हसली तसे म्हणाले, "हसू नकोस. धंद्याला घरघर लागली म्हणतात, भाव गडगडले म्हणतात. माणसाने हे आवाज आधी नीट ऐकले, तेव्हा कुठे ते असे दुसरीकडे लावता आले. आपणही आधी ऐकायचं, मग बोलायचं."

आज ती ऐकून बोलली होती.

मास्तर उठले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. डोळे मिटले. कान बदलला.

काही नाही. शेजारच्या दोन पंपांची घूं घूं, तेवढीच.

पंप बंद केला, तर अर्धं गाव संध्याकाळपर्यंत कोरडं राहणार. वरचा दवाखानाही त्यातच. आत काही निघालं नाही, तर निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना कोऱ्या कागदावर पहिला डाग. आणि हिच्या शब्दाला इथे पुन्हा कोण विचारणार?

"कुठे वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मोटरच्या बाजूला. सारखं नाही काका, दाटून येतं नि विरतं. काल दुपारी नव्हतं."

साहेब घड्याळाकडे बघत होते. "मास्तर, तुम्हाला ऐकू येतंय का?"

"हिला येतंय," मास्तर म्हणाले. "दवाखान्याला फोन करून टाक्या भरून घ्यायला सांगा. पाऊण तासाने बंद करतो. सही माझी."

"उद्या माझ्या नावाने कुरकुर नको."

"माझ्या नावाने करा की. एकोणीस दिवसच करावी लागेल."

दुपारी बेअरिंग उघडलं. गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा दोन ठिकाणी तडकलेला, एका गोळीचा टवका उडालेला. फिटरने ती तळहातावर घेऊन साहेबांपुढे धरली. "आणखी दोन दिवस चालला असता, तर शाफ्टच गेला असता, साहेब. मग महिनाभर बसा टँकर मोजत."

साहेबांनी गोळी उलटसुलट केली. "मास्तर, कान आहेत की काय आहे!"

"माझे नाहीत. हिचे आहेत," मास्तर म्हणाले. "माझे गेल्या वर्षापासून कमी झालेत. कुणाला बोललो नव्हतो."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मास्तर मात्र नव्या बेअरिंगला ग्रीस भरण्यात गुंतले होते, आणि एरवी पोक काढून बसणारा हा माणूस आज ताठ दिसत होता.

चार वाजता पंप सुरू केला. पाणी चढलं, मीटरचा काटा सरकून स्थिरावला. सवयीप्रमाणे फिटर, मदतनीस, साहेबसुद्धा, सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघू लागले.

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने घाई केली नाही. पंपाभोवती एक फेरी मारली, मोटरच्या बाजूला थांबली, पुन्हा ऐकलं. मग होकारार्थी मान हलवली.

तेव्हा मास्तरांनी हलवली.